अ अभिजितचा, ज्ञ बुधाचा



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून काही मंडळी कोड्यात पडली असतील. ह्या व्यासपीठावर एरवी अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय असल्या भारदस्त विषयांचा ऊहापोह होतो. आणि आज हा गृहस्थ मुलांचा अक्षरांचा खेळ घेऊन आपल्यापुढे उभा! पण खेळ अक्षरांचा असला तरी तो आकाशाशी खेळायचा आहे, आणि त्यात मोठमोठी माणसे आपल्या आधी खेळून गेली आहेत. तेव्हा तासभर आपण लहान व्हायला हरकत नसावी.

प्रथम खेळ सांगतो. 'नाव, गाव, फळ, फूल' आपण सगळेच खेळलो आहोत. एकाने मनातल्या मनात अक्षरे म्हणायची, दुसऱ्याने 'थांब' म्हणायचे, आणि जे अक्षर आले असेल त्यावरून सर्वांनी कागदावर चार शब्द लिहायचे. ह्या कागदावर मी पाचवा रकाना आखायला सांगतो: आकाश. ग्रह, तारा, यान, दुर्बीण, ज्योतिषी, वेधशाळा, आकाशाशी ज्याचा खरोखर संबंध आहे ते काहीही चालेल. गुण देण्याची रीत मात्र वेगळी आहे. शब्द लिहिला की अर्धा गुण. मग अंगणात जाऊन तो तारा बोटाने दाखवला, आणि वस्तू दिसण्याजोगी नसेल तर ती काय आहे हे दोन वाक्यांत सांगितले, की उरलेला अर्धा.

ह्या दुसऱ्या अर्ध्या गुणावर बहुतेक गाडे अडते. आपल्यापैकी कित्येकांना सत्तावीस नक्षत्रे एका दमात म्हणता येतात. अश्विनी, भरणी, कृत्तिका अशी घसरगुंडी सुरू झाली की रेवतीलाच थांबते. पण 'भरणी दाखवा' म्हटले की सभा शांत! भरणीचे तारे अंधूक आहेत हे खरे. पण हस्ताचे तारे तरी कितीजणांना ठाऊक असतात? नावे पाठ असणे आणि ओळख असणे ह्यांत अंतर आहे.

आपला शेतकरी ह्या बाबतीत शहरवासीयांपेक्षा जाणता, असे आपण मोठ्या आदराने म्हणतो. ते पुष्कळसे खरे आहे. पण त्यातही एक गंमत आहे. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, शेवटी हस्ताचा हत्ती, हा सारा हिशेब सूर्याच्या नक्षत्रांचा आहे. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. अर्थात त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. तो कुणालाच दिसत नाही. ज्या नक्षत्राचे नाव त्या पंधरवड्यात गावोगाव घेतले जाते, ते नेमके त्याच वेळी आकाशातून गायब असते! डोळ्यांनी पाहून ठेवलेली नावे खेड्यात वेगळी आहेत. मृगाच्या पोटातल्या बाणाला 'तिकांडे', सप्तर्षींना 'बाजले', धूमकेतूला 'शेंडेनक्षत्र'. ही नावे पोथीत सापडत नाहीत. पण ज्याने 'बाजले' म्हटले त्याने चार खूर पाहिलेले असतात. माझ्या खेळात अशा शब्दाला मी पुरा एक गुण देतो.

आता अक्षरे घेऊ. क्रमाने सगळी घेणार नाही, भिऊ नका.

अ निघाला की मुले अवकाश, अश्विनी, अनुराधा लिहितात. मी अभिजितच्या बाजूचा आहे. ह्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास ईशान्येला एक स्वच्छ पांढरा, टपोरा तारा वर येतो, तो अभिजित. त्याच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे पंचवीस वर्षे लागतात. जुन्या काळी नक्षत्रे अठ्ठावीस होती, त्यांत हा होता. पुढे सत्तावीसच मोजू लागले आणि ह्याला पंगतीतून उठवले. महाभारताच्या वनपर्वात अभिजित आकाशातून ढळल्याची कथा आली आहे. तारा आपल्या जागी आहे, मोजदादीतून तेवढा गेला. पण त्याला मान मिळायचा आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक फेरा घेतो, आणि त्यामुळे ध्रुवपदावर निरनिराळे तारे येतात. आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी उत्तर दिशेच्या जवळ असणारा ठळक तारा अभिजित असेल. लग्नात वधूवरांना ध्रुव दाखवून 'असे अढळ राहा' म्हणतात, त्या ध्रुवाचीही ही मुदतबंद नेमणूक आहे!

ह्याच भोवऱ्याने खेळातले एक अडलेले अक्षर सोडवले. थ. थ वरून मराठीत थंडी आहे, थट्टा आहे, थापा तर विपुल आहेत. पण आकाशात थ काही केल्या मिळेना. शेवटी तो अरबांकडून मिळाला. कालेय नावाच्या सर्पाकृती तारकासमूहात 'थुबान' म्हणून एक साधासा तारा आहे. शब्दाचा अर्थच साप. इसवी सनापूर्वी सुमारे २,८०० ह्या काळी ध्रुवपदी तो होता. सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्य ह्यांच्या मधोमध शोधला तर काळोख्या गावात आजही दिसतो. थ ने आपल्याला पावणेपाच हजार वर्षे मागे नेऊन आणले. सोप्या अक्षरांना हे जमत नाही. म सांगितला की मंगळ, मघा, मृग, मीन, मेष, मिथुन, मकर अशी रीघ लागते आणि कुणी विचार करीत नाही. खरा लाभ अडलेल्या अक्षरात असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

ऋ घ्या. फळ-फुलांच्या रकान्यांत ऋ म्हणजे मरण. आकाशात मात्र ऋक्ष आहे. ऋग्वेदात सप्तर्षींना ऋक्ष म्हटले आहे, आणि पूर्वी ह्यांना ऋक्ष म्हणत असा स्पष्ट उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. ऋक्ष म्हणजे तारा आणि ऋक्ष म्हणजे अस्वलही. ग्रीकांनी त्याच ताऱ्यांना अस्वल म्हटले, आणि अस्वलाचा त्यांचा शब्द व आपला ऋक्ष हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ. आपल्याकडे अस्वलाचे ऋषी झाले, तिकडे ते अस्वलच राहिले.

येथे एक भाषेचा तंटा हमखास उपस्थित होतो. ट वरून एखाद्याने 'टेलिस्कोप' लिहिला की दुसरा उठून म्हणतो, हा इंग्रजी शब्द, गुण कापा. शुद्ध मराठी 'दुर्बीण' आहे. ही दुर्बीण कुठली? फारसी! हर्षल ह्या ग्रहाचे तसेच. किती सोज्ज्वळ, संस्कृत वळणाचे नाव! वाटावे हर्ष देणारा तो हर्षल. वास्तविक १७८१ साली तो ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे ते आडनाव. पाश्चात्त्यांनी पुढे युरेनस हे नाव चालू केले आणि आपण शोधकाचेच नाव ठेवले, तेही असे मुरवून की कुणाला पत्ता लागू नये. ग्रीक तारकासमूहांना नावे देताना आपल्या ज्योतिर्लेखकांनी ह्याहून धीटपणा केला. अँड्रोमेडाची देवयानी, कॅसिओपियाची शर्मिष्ठा, पर्सियसचा ययाती, सीफियसचा वृषपर्वा. तिकडचे आख्खे राजघराणे उठवून तेथे महाभारतातले बसवले. तिकडे सीफियस हा कॅसिओपियाचा नवरा. आपल्याकडे वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा बाप. नात्यांची उलथापालथ झाली, पण ज्या मुलाला ययातीची गोष्ट ठाऊक आहे त्याला आकाशाचा तो कोपरा विसरता येत नाही. मी टेलिस्कोपलाही गुण देतो आणि देवयानीलाही. शब्द कोणत्या गावचा हे विचारण्यापेक्षा, त्याने आपल्याला काय दाखवले हे विचारावे.

झ आणि ढ ही अक्षरे मात्र खट्याळ निघाली. ढ वरून मुलांना मिळाला ढग, झ वरून झगमगाट. एक मुलगा म्हणाला, 'हे आकाशातले नव्हेत, आकाश झाकणारे आहेत.' मी दोन्ही शब्द मान्य केले. ढगाविषयी माझी तक्रार नाही. तो आपल्याला जेवू घालतो आणि आश्विनात निघून जातो. झगमगाट जात नाही. आपल्याच गावात रस्त्यांचे, दुकानांचे, जाहिरातींचे दिवे रात्रभर वर तोंड करून जळतात, आणि आकाशगंगा म्हणजे पुस्तकातले चित्र झाले आहे. ज्या मुलाने आकाशगंगा पाहिलीच नाही, त्याच्या तोंडी तो शब्द किती दिवस टिकेल? आ वरून तो आर्द्रा लिहील, आकाशगंगा लिहील, पण त्याच्या माझ्या खेळात अर्ध्याच्या वर गुण होणार नाहीत, आणि त्यात त्याचा अपराध नाही. दिव्यावर वरून टोपी बसवली आणि प्रकाश खाली सोडला, तर रस्ताही अधिक उजळतो आणि वीजही वाचते. नगरपालिकेतली काही मंडळी समोर बसलेली दिसतात म्हणून एवढे बोललो. असो.

उरली ङ, ञ, ण, ळ. ह्यांवरून मराठी शब्दच सुरू होत नाहीत, तर तारा कोठून व्हावा? मंगळाच्या, मूळ नक्षत्राच्या शेवटी ळ येतो, श्रवणाच्या आणि ग्रहणाच्या शेवटी ण येतो, म्हणून ती दोन अक्षरे शेवटी आलेली चालतात अशी सवलत मी दिली आहे. पण ङ आणि ञ ह्यांना आकाशात जागा आहे, आणि ती आपल्या पूर्वजांनी देऊन ठेवली आहे. ते प्रकरण थोडे सविस्तर सांगायला हवे.

पंचांगात 'अवकहडा चक्र' असते. बारशाच्या वेळी नावरस नाव कोणत्या अक्षरावरून ठेवायचे हे त्यावरून काढतात. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर: अश्विनीला चू, चे, चो, ला, भरणीला ली, लू, ले, लो. पुष्कळांना हे चक्र म्हणजे अगम्य गूढ वाटते. पण जुळवून पाहिले तर तो सरळ अक्षरांचा खेळ आहे, आणि मोठा सुबक. अ, व, क, ह, ड. म, ट, प, र, त. न, य, भ, ज, ख. ग, स, द, च, ल, अशी वीस अक्षरे. प्रत्येकाला अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर जोडले, झाली शंभर. नक्षत्रे अठ्ठावीस, म्हणजे चरण एकशेबारा. बारा कमी पडली! मग काय केले? घ, ङ, छ आर्द्रेत घातली. ष, ण, ठ हस्तात. ध, फ, ढ पूर्वाषाढेत. आणि थ, झ, ञ उत्तराभाद्रपदेत. आपल्या खेळात जी अडली तीच ही अक्षरे, पाहा. ज्याने कुणी हे चक्र रचले, तोही आपल्यासारखाच शेवटी अडगळीतली अक्षरे हातात घेऊन बसला होता.

ह्या चक्राची सुरुवात अ पासून होते आणि अ कृत्तिकेला आहे, अश्विनीला नाही. आणि त्याची बेरीज अभिजित धरल्याशिवाय जमत नाही. म्हणजे नक्षत्रे कृत्तिकेपासून मोजण्याच्या आणि अठ्ठावीस धरण्याच्या जुन्या पद्धतीची खूण ह्या बारशाच्या कोष्टकात राहून गेली आहे. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचे एक विधान शतपथ ब्राह्मणात आहे. त्यावर गणित करून आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३,००० असा काढला. हा निष्कर्ष सर्वांनी मानलेला नाही; परंतु ज्या काळाविषयी हे बोलणे आहे तो थुबान ध्रुवपदाजवळ असण्याचाच काळ, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' १८९६ साली निघाला, तो विद्वानांसाठी. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे जोडनाव दिले. मौज हा शब्द त्यांना कमीपणाचा वाटला नाही.

चंद्र अमुक चरणात असताना जन्मलेल्या मुलाचा स्वभाव त्या अक्षराने ठरतो, हे मला पटत नाही; ङ अक्षर आलेल्या मुलाचे नाव तर कुणालाच ठेवता येत नाही, भटजी जवळचे दुसरे अक्षर काढून देतात. परंतु ह्या कोष्टकाचा हेतू पाहा. एक चरण म्हणजे आकाशाचे तीन अंश वीस कला. 'चो' एवढे म्हटले की जन्मवेळी चंद्र अश्विनीच्या तिसऱ्या चरणात होता, हे कागदाशिवाय, आकड्यांशिवाय कळते. माणसाच्या नावाच्या पहिल्या अक्षरात चंद्राचा पत्ता बांधून दिला. फलज्योतिष बाजूला ठेवले तरी ही युक्ती दाद देण्यासारखी आहे.

अक्षरात आकाश बांधण्याची आपल्या लोकांना हौसच होती. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने ग्रंथ रचला तेव्हा आकडे श्लोकात बसेनात. त्याने क म्हणजे १, ख म्हणजे २ असे करीत म पर्यंत २५ मोजले, य ला ३० दिले, आणि स्वरांना शतंपट, दशसहस्रपट अशी स्थाने दिली. मग युगातली ४३,२०,००० सौर वर्षे त्याने एका शब्दात भरली: ख्युघृ. उच्चारताना जीभ अडखळते; पण ख दोन, य तीस, उकाराने दहा हजारपट, घ चार, ऋकाराने दहा लाखपट, करून पाहा, बेरीज चोख येते.

आता युरोपकडे वळू. ऑग्सबर्ग नगरातल्या योहान बायर नावाच्या वकिलाने १६०३ साली ताऱ्यांचा नकाशासंग्रह छापला. प्रत्येक समूहातल्या ताऱ्यांना त्याने ग्रीक अक्षरे दिली: साधारणपणे तेजस्वी तो आल्फा, त्याच्या खालचा बीटा. ही पद्धत आज चारशेहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तिच्यात पहिल्यापासून गोंधळ आहे. मृगातला तांबूस काक्षी हा आल्फा आणि निळसर राजन्य हा बीटा. पण बहुधा राजन्यच अधिक तेजस्वी असतो. पुढे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांना रोमन लिपीतले 'आर' पासून पुढचे अक्षर देऊ लागले, ती संपली तेव्हा जोड्या केल्या, त्याही ३३४ ताऱ्यांत संपल्या, आणि शेवटी निमूटपणे आकडे आले. तारे फार, अक्षरे थोडी.

अक्षरे कमी पडणे ही अडचण झाली. अक्षरांचा क्रमच उलटावा लागणे ही त्याहून मोठी गोष्ट अमेरिकेत घडली. हार्वर्डच्या वेधशाळेत पिकरिंग हे संचालक होते. काचेच्या लोलकातून ताऱ्यांचा प्रकाश फाकवून, त्या रंगपटाच्या छायाचित्रांचे हजारो काचपट्ट त्यांनी जमवले, आणि ते तपासण्याच्या कामावर स्त्रिया नेमल्या. त्यांच्यातल्या विल्यमिना फ्लेमिंग ह्या पूर्वी पिकरिंग ह्यांच्याच घरी कामाला होत्या. रंगपटात हायड्रोजनच्या काळ्या रेघा किती ठळक आहेत हे पाहून त्यांनी ताऱ्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. सर्वांत ठळक रेघा त्या ए वर्गाच्या. ह्या रीतीने दहा हजारांवर ताऱ्यांची यादी १८९० साली निघाली. मग अॅनी जंप कॅनन ह्यांनी काम हाती घेतले. त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. डोळा मात्र विलक्षण. हायड्रोजनखेरीज बाकीच्या रेघाही एकीतून दुसरीत सावकाश बदलत जातात असे त्यांना दिसले. पण त्या बदलाच्या क्रमाने तारे मांडले की अक्षरांचा क्रम मोडतो. त्यांनी अक्षरांची पर्वा केली नाही. काही गाळली, काही पुढची मागे घेतली, आणि १९०१ साली क्रम लावला तो असा: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. शिशुवर्गात कुणी अशी अक्षरे म्हटली तर त्याला बाकावर उभे करतील!

हा क्रम असा का, ह्याचे समाधानकारक उत्तर पुढे वीस वर्षांनी मिळाले, आणि ते कलकत्त्याच्या एका तरुणाने दिले. मेघनाद साहा. किराणा दुकानदाराचा मुलगा. १९२० साली वय सव्वीसच्या आसपास. तापलेल्या वायूतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन किती तपमानाला सुटे होतात, ह्याचे सूत्र त्यांनी मांडले. त्यावरून उलगडा झाला: ओ वर्गाचे तारे इतके तापलेले की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉनच निघून गेलेले, म्हणून रेघा पुसट, एम वर्गाचे इतके निवलेले की अणू पुरेसे चेतत नाहीत, म्हणूनही रेघा पुसट, आणि दहा हजार अंशांच्या आसपास, ए वर्गात, त्या सर्वांत ठळक. म्हणजे कॅननबाईंनी नुसत्या डोळ्याने लावलेला क्रम हा तपमानाचा उतरता क्रम होता. तीस हजार अंशांच्या वरपासून तीन हजार अंशांपर्यंत. साहांचेच सूत्र वापरून सिसिलिया पेन ह्या तरुणीने १९२५ साली दाखवले की तारे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियम ह्यांचे बनलेले आहेत. त्या काळच्या एका मोठ्या ज्योतिर्विदाने तिला हा निष्कर्ष खरा मानू नये असे सांगितले, आणि तिने प्रबंधात तशी पुस्ती जोडली. चार वर्षांनी तो ज्योतिर्विद स्वतःच त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचला. आपल्या माथ्यावरचा प्रत्येक तारा कशाचा घडलेला आहे हे माणसाला कळून शंभर वर्षेच झाली आहेत, आणि ते कळले अक्षरांची ओळ मोडल्यामुळे.

सात अक्षरांचा हा उलटासुलटा क्रम लक्षात राहावा म्हणून अमेरिकन विद्यार्थ्यांनी एक चावट वाक्य रचले आहे. ते येथे म्हणण्याजोगे नाही. मुलांसाठी मी मराठी वाक्य केले आहे: 'ओंजळीत बाळाने अंगणातली फुले गोळा केली मोजून.' आणि सातही फुले आपल्या ओळखीची आहेत. ओ म्हणजे तिकांड्यातला पूर्वेकडचा तारा, बी चित्रा, ए व्याध, अभिजितही तोच, एफ प्रश्वा, जी आपला सूर्य, के स्वाती, एम ज्येष्ठा. निळ्यापासून तांबड्यापर्यंत उतरत गेलेले हे रंग नुसत्या डोळ्यांना कळतात. चित्रा आणि स्वाती आज एकाच वेळी वर आहेत. एक निळसर पांढरी, दुसरी केशरी. ही दोन नावे आपण मुलींना ठेवीत आलो. ह्या नावांच्या किती मुलींना आपला रंग ठाऊक आहे?

कॅननबाईंनी पुढे सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्ग लावले, आणि ती यादी १९१८ ते १९२४ ह्या काळात छापून निघाली. तिच्यात ८६०८१ क्रमांकाचा एक तारा आहे. त्याच्याभोवती ग्रह फिरतो असे आढळल्यावर २०१९ साली त्या दोघांना नावे देण्याचा मान भारताला मिळाला. ताऱ्याचे नाव ठेवले बिभा, विश्वकिरणांवर संशोधन केलेल्या बिभा चौधुरी ह्यांच्या स्मरणार्थ, ग्रहाचे संतमस. ब ला आणि स ला नवे शब्द मिळाले. नावे ठेवण्याचा हा मान कधी कधी पोरांनाही मिळतो. १९३० मध्ये नवा ग्रह सापडल्याची बातमी ऑक्सफर्डला न्याहारीच्या वेळी आजोबांनी वाचून दाखवली, तेव्हा व्हेनेशिया बर्नी ह्या अकरा वर्षांच्या नातीने 'प्लूटो' सुचवले आणि तेच कायम झाले. त्या नावाची पहिली दोन रोमन अक्षरे पर्सिव्हल लॉवेल ह्यांची आद्याक्षरे होती. ज्यांनी ह्या ग्रहाचा शोध आरंभला ते हे लॉवेल. २००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले. नाव राहिले, म्हणून प वरून तो अजून चालतो.

आपल्याच महाराष्ट्राने दोन अक्षरे दिली आहेत ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ल म्हणजे लोणार. बुलढाणा जिल्ह्यातले ते गोल सरोवर, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीच्या खड्ड्यातले. लवणासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुष्कळ दिवस त्याला ज्वालामुखीचे विवर समजत. १९७०च्या दशकात तेथल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा ओळखल्या गेल्या, आणि आकाशातून कोसळलेल्या अशनीने काळ्या पाषाणात खणलेला तो खड्डा आहे हे निश्चित झाले. आकाश बोटाने दाखवायला येथे मान खाली करावी लागते. आणि ख म्हणजे खोडद. नारायणगावाजवळच्या ह्या खेड्यात आणि भोवतालच्या शिवारात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. गोविंद स्वरूप ह्यांनी त्या उभ्या केल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अत्यंत क्षीण, म्हणून मोठ्या शहरांचा गलबला टाळून ही जागा निवडली. दिव्यांचा झगमगाट डोळ्यांना जसा बाधतो तसा रेडिओचा गलबला ह्या दुर्बिणींना.

शेवटचे अक्षर ज्ञ. ह्यावर मुले एकमुखाने 'ज्ञानेश्वर' म्हणतात, पण तो पहिला रकाना! आकाशाच्या रकान्यात ज्ञ एकटाच पुरतो. संस्कृत ज्योतिषग्रंथांत बुधाचे नावच 'ज्ञ' आहे. एकाक्षरी नाव, आणि मुख्य ग्रहांत सर्वांत लहान ग्रह. तो सूर्याला सोडून फार दूर जात नाही, म्हणून संध्याकाळच्या किंवा पहाटेच्या संधिप्रकाशात थोडे दिवसच सापडतो. ज्ञ चा पुरा गुण मिळवणारे माझ्या खेळात आजवर फार थोडे निघाले.

मैदानातले दिवे मालवण्याची विनंती मी व्यवस्थापकांना आधीच केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. बाहेर पडल्यावर दक्षिणेकडे तोंड करा. हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा. मुठीच्या आसपास चार ताऱ्यांची तिरपी फुली दिसेल. तो त्रिशंकू. युरोपातल्या मुलांना तो घरातून कधीच दिसत नाही. आपल्याला वैशाखात रोज दिसतो. ज्यांना घाई नाही त्यांनी आणखी अर्धा-पाऊण तास थांबावे. त्रिशंकूच्या डाव्या हाताला, क्षितिजालगत, दोन ठळक तारे वर येतील. त्यांतला डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो मित्र. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळची ताऱ्यांची मंडळी ती, साडेचार प्रकाशवर्षांच्या आतली. पुढच्या खेळात म निघाला की मंगळ आणि मृग इतरांना लिहू द्या.